ओल्या ऐंशीतली मोठी नळी

२४ एप्रिल २०२५, गुरुवार

व्हर्लिन,

पाकिटावरचं अक्षर बघून तू डार्लीनवहिनीला म्हणाला असशील, "हिला आता काय झालं?" घाबरू नकोस, गावात कुणी मेलेलं नाही. तुझा मुलगा ट्रेंट धडधाकट आहे, परवाच माझ्या टेबलाशी बसून तीन कप कॉफी पिऊन गेला. अकरा वर्षांत मी तुला नाताळचं कार्डसुद्धा पाठवलं नाही आणि तूही कधी विचारलं नाहीस की का. आपल्याकडे विचारायची पद्धतच नाही. घर जळलं तरी माणसं म्हणतात, आणखी वाईट झालं असतं.

ट्रेंटमुळे लिहितेय. यंदा त्याच्या मनात आलं की माझ्या ओल्या ऐंशी एकरांत निचऱ्याच्या नळ्या घालाव्यात. शेत कसतो तोच, त्याचाच ट्रॅक्टर दरवर्षी रुततो, तेव्हा मी हो म्हटलं. तर म्हणाला, "आत्या, आधी ड्रोन उडवून बघतो. आजोबांनी जुनं काही पुरून ठेवलं असेल तर नवी नळी त्यावर नको आपटायला."

मी म्हटलं, "कशाला पेट्रोल जाळतोस? तिथे काही नाही. तुझ्या बापानेच सांगितलंय मला."

"ड्रोनला पेट्रोल लागत नाही गं आत्या."

"मग बॅटरी जाळ."

शनिवारी इंचभर पाऊस झाला आणि मंगळवारी त्याने ते भिरभिरं उडवलं. शेत अजून उघडं आहे, पेरणी नाही. खाली नळी असली की वरची माती आधी सुकते आणि आभाळातून तेवढा पट्टा फिकट दिसतो. तुला हे माहीत असेल. मला सत्तराव्या वर्षी माझ्याच स्वयंपाकघरात कळलं.

फोटो मी चष्मा पुसून दोनदा पाहिला. काळ्या जमिनीवर फिकट पट्टे, सारख्या अंतरावर, माशाच्या काट्यासारखे. मी मोजले. एकोणीस आहेत. सगळे मधल्या एका जाड पट्ट्याला मिळतात आणि तो जाड पट्टा तुझ्या कुंपणाकडे उतरतो. कुंपणापाशी पोचला की संपतो, आणि तिथे भला मोठा काळा ओला डाग आहे.

ट्रेंटला कोण आनंद! "कुणीतरी अख्खं शेत भरून नळ्या घातल्यात. आजोबाच, दुसरं कोण? आणि बाबांना पत्ता नाही म्हणजे कमालच झाली."

"कमालच झाली," मी म्हटलं आणि त्याला आणखी कॉफी ओतली.

बाबा गेल्यावर सत्त्याऐंशी साली वाटणी झाली तेव्हा तू राहतं घर, वरची जमीन आणि ओढ्याकाठची खालची चाळीस एकर घेतलीस. मला ओली ऐंशी आली. तू म्हणालास, "बाबांनी ती कधी निचऱ्याखाली आणलीच नाही, आर्डिस. त्यांचा जीव वरच्या जमिनीवर." मी त्यातून समजायचं ते समजले. आता सरळच सांगते. गेली अडतीस वर्षं मी हे धरून चालले की माझ्या बापाने मला स्वतःला नकोसं झालेलं शेत दिलं. दर मे महिन्यात कबरीवर फुलं नेते ना, ती आईच्या बाजूला खोचते. त्यांच्या बाजूला नाही.

आणि ग्लेन. माझा नवरा पहिल्याच वर्षी म्हणाला होता की या शेतात नळ्या आहेत. जुनी माणसं करायची तसा तो दोन वाकड्या तारा हातात धरून शेतभर फिरला, आणि तारा एकमेकींवर आल्या की तिथे खुंटी ठोकायचा. तू धान्य सोसायटीच्या कॉफीच्या टेबलावर त्याचं नाव पाणाड्या ठेवलंस. "या पाणाडेबुवा, माझ्या कपात कॉफी किती आणि पाणी किती, बघा जरा." सगळे हसायचे. एकदा मीही हसले. हे मीच लिहून टाकते, कारण नाहीतर तू आठवण करून देशील.

आता एकच सांग, की तुला माहीत नव्हतं. एकदा मी विश्वास ठेवीन. फोन नंबर तोच आहे.

आर्डिस

८ मे २०२५, गुरुवार

व्हर्लिन,

डार्लीनचं कार्ड मिळालं. वर तुमच्या वाळवंटातल्या निवडुंगाचं चित्र आणि आत, "इकडे पंचाण्णव फॅरनहाइट, पण कोरडी हवा, त्यामुळे जाणवत नाही." छान. तिला सांग, इकडे ओलं आहे आणि चांगलंच जाणवतं.

तू लिहिलं नाहीस म्हणून मी खणलं. परवा खोदकाम करणाऱ्या ऑरिनला मशीन घेऊन बोलावलं. तो आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, ऐकायला कमी येतं, पण मशीनवर बसला की विशीतला. ट्रेंटने ड्रोनच्या फोटोवरून मोठ्या नळीच्या रेषेवर लाल झेंड्या रोवल्या होत्या. म्हणाला, "वरून खाली खणत येऊ." ऑरिनने झेंड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तडक कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबापाशी गेला आणि बकेट खाली सोडली. मी त्याचं कौतुक केलं. म्हटलं, "ड्रोनपेक्षा तूच बरा." तो बकेटकडेच बघत राहिला. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

चार फुटांवर नळी लागली. लाल भाजक्या मातीची, फूटभर रुंद, कुठे तडा नाही. बाबांचं काम ओळखू येतं रे. प्रत्येक सांध्यावर त्यांनी फुटक्या नळीची खापरी झाकण म्हणून ठेवली आहे, माती आत जाऊ नये म्हणून. नको असलेल्या शेताला कुणी असं करत नाही. मी त्या खड्ड्याच्या काठावर चिखलात खाली बसले. ट्रेंटला वाटलं मला चक्कर आली.

पुढे कुंपणापाशी नळीच्या तोंडात बोळा होता. ओलं काँक्रीट पोत्यात भरून आत ठासलेलं आणि तिथेच दगड झालेलं. पोतं प्लास्टिकच्या विणीचं. ते सडत नाही, हे तेव्हा तुझ्या लक्षात आलं नसावं. त्यावरची निळी अक्षरं अजून लख्ख आहेत: हौगलँड बियाणे. वाटणीनंतरची पहिली तीन वर्षं तू बियाणं विकत होतास ना, त्याचीच पोती.

ट्रेंटने आपलंच आडनाव वाचलं. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "आत्या, मी बाबांना फोन लावतो."

"नको," मी म्हटलं. "मी पत्र लिहितेय."

तू हे का केलंस ते मला कळतं, मी मूर्ख नाही. मोठी नळी माझ्याकडून निघून तुझ्या खालच्या चाळीसमधून ओढ्याला जाते. तुझ्याकडची तिची वाट अरुंद, म्हणून जोराच्या पावसात माझं पाणी तुझ्या मक्यात चढायचं. दोघांनी मिळून खालची नळी रुंद करता आली असती. ग्लेन फावडं घेऊन तुझ्याआधी उभा राहिला असता. पण त्यासाठी तुला आधी सांगावं लागलं असतं की वर नळी आहे, आणि मग वाटणीच्या वेळी बोललेलं खोटं ठरलं असतं. त्यापेक्षा तू बहिणीचं शेत बुडवलंस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

खड्डा उघडाच आहे, भोवती नारिंगी जाळी लावली आहे. ऑरिन विचारतो, बोळा फोडू की माती लोटू? मी त्याला थांबायला सांगितलं, तुझं म्हणणं ऐकेपर्यंत. हे मी मायेने करतेय असं समजू नकोस.

आर्डिस

२० मे २०२५, मंगळवार

व्हर्लिन,

रविवारी तू फोन केलास. तुझा आवाज म्हातारा झालाय. आधी हवामान, मग तुझा गुडघा, मग डार्लीनचा गुडघा, आणि मग, "आर्डिस, ऑक्टोबरपर्यंत थांब. खालच्या चाळीसमध्ये ट्रेंटचा मका उगवलाय. आत्ता बोळा काढलास तर त्याचं पीक जाईल. कापणीनंतर खाली मोठी नळी घालू." चुकलो, एवढं सोडून सगळं बोललास. मी म्हटलं, "माझा नवरा पाणाड्या म्हणून मेला." आणि तू म्हणालास, "ग्लेनला सगळं माहीत होतं."

मी फोन ठेवला. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

पहिल्यांदा वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. मेलेल्या माणसावर ढकलायचं काम सोपं असतं. मग मला ऑरिन आठवला, झेंड्यांकडे न बघता कोपऱ्यात गेलेला. काल त्याच्या शेडमध्ये गेले. मशीन बंद होतं, त्यामुळे त्याला ऐकू न येण्याची सोय नव्हती.

"ऑरिन, कुंपणापाशी थेट कसा गेलास?"

त्याने चिंधीने हात पुसले. "त्र्याण्णवला मीच खणलं होतं तिथे. पुराचं वर्ष. ग्लेनने बोलावलं होतं. तू शाळेची बस घेऊन पोरांच्या सहलीला गेली होतीस."

"आणि?"

"आणि सापडलं. ग्लेन व्हर्लिनच्या घरी गेला. येताना दोघांबरोबर तुझी आई होती. चर्चला घालायचा कोट घालून शेतात आली, बुटांसकट. मला अजून डोळ्यांपुढे दिसते."

आई काय म्हणाली ते ऑरिनने मला सांगितलं, आणि तू तिथे होतास, तेव्हा खोटं असेल तर कळव. ती म्हणाली, "आपलेच दात नि आपलेच ओठ, ग्लेन. माझ्या डोळ्यांदेखत माझी पोरं पाण्यासाठी कोर्टात उभी राहायची नाहीत. मी गेल्यावर सांग तिला काय सांगायचं ते." आणि ग्लेनने शब्द दिला. ऑरिनने माती परत लोटली.

"अजून कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही."

"ऑरिन."

"सोसायटीच्या टेबलावर चौघांना."

म्हणजे तुम्ही तिघे धरून सात, आणि त्या टेबलाला खुर्च्याच सात आहेत! अळीमिळी गुपचिळी, आणि मी त्याच माणसांच्या पोरांना एकोणतीस वर्षं बसमधून शाळेत सोडत होते.

माझा राग सगळ्यात जास्त कुणावर आहे, ठाऊक आहे? ग्लेनवर. मी त्या टेबलावर हसले तेव्हा आपण बरोबर आहोत हे त्याला माहीत होतं. तो शांतपणे कॉफी ढवळत राहिला. मका पिवळा पडायचा, मी त्याला म्हणायचे, "तुझ्या हाताला गुणच नाही," आणि तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." अठरा वर्षं माझ्या शेजारी झोपला आणि बोलला नाही. आईला दिलेला शब्द पाळला. मला लग्नात दिलेल्या शब्दांचं काय? शेवटी दवाखान्यात त्याने माझा हात धरून काहीतरी बोलायला सुरुवात केली होती, आणि मी म्हटलं, दमू नकोस, झोप. ते काय होतं हे मला आता कधीच कळणार नाही.

पण तो मेला अकरा साली आणि आई गेली चौदा साली. आईची अट तिच्याबरोबर संपली. तिच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या तळघरात, हॅमचे बन वाढून झाल्यावर, तू मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस. तुझी पाळी होती, कारण ग्लेन उरला नव्हता. तू काय केलंस? हातात ताटली घेऊन पाद्रीबुवांना म्हणालास, "आमचा ग्लेन असता तर कबर खणायच्या आधी तारा फिरवून गेला असता." मी त्यावर उठून गेले. तेव्हा मला वाटलं होतं, तू थट्टा करतोस. तुला खरं माहीत होतं आणि तरी तू थट्टा केलीस, हे मला आत्ता कळलं. काँक्रीट मी एक वेळ गिळीन, व्हर्लिन. ते वाक्य गिळता येत नाही.

आर्डिस

२१ मे

कालचं टपालात टाकलं. हे वेगळं, आणि थोडक्यात.

मी ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाही. रात्रभर विचार केला. तुझं म्हणणं शेतकऱ्याच्या हिशेबाने बरोबर आहे, हेही मला कळतं. पण आता त्या बोळ्यावर परत माती लोटली, तर ते करणारी तिसरी मी होईन. आधी तू, मग ग्लेन. माझ्याच्याने होणार नाही.

ट्रेंटला मी आधी सांगितलं, समोर बसवून. जून ओला गेला तर त्याचा खालचा कोपरा बुडेल, हेही सांगितलं. तो म्हणाला, "तुझं पाणी, तुझा हक्क." कप विसळून ठेवला आणि गेला.

आ.

२३ जून २०२५, सोमवार

व्हर्लिन,

मेच्या एकोणतीस तारखेला बोळा फोडला. ऑरिनने तो मशीनने उपसून काढला आणि मधला तुकडा नव्या नळीने जोडला. पहिला पाऊण तास काळं, घाण वासाचं पाणी आलं, मग पिवळं, मग स्वच्छ. दहा दिवसांत मी ओल्या ऐंशीत साध्या चपला घालून चालत गेले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. फुलं या वर्षी बाबांच्या बाजूला खोचली. ग्लेनला नेली नाहीत. त्याच्याशी माझं अजून मिटलेलं नाही.

पोतं मी सोसायटीच्या टेबलावर नेलं होतं. धुऊन, घडी करून. साखरेच्या डब्याशेजारी ठेवलं आणि ग्लेनच्या खुर्चीवर बसले. म्हटलं, "ज्यांना माहीत होतं त्यांनी हात वर करा." सगळे आपापल्या कपात बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, यंदा पाऊस बरा आहे. ऑरिनने हात वर केला, एकट्याने. मग मी म्हटलं, "मी ग्लेनला हसले होते, याच जागी. ते चुकीचं होतं आणि तो बरोबर होता." एवढं बोलले आणि घरी आले. सत्तर वर्षांत चारचौघांत असं काही बोलले नव्हते.

आता तुझ्या मुलाचं. बारा तारखेला तीन इंच पाऊस पडला. खालच्या चाळीसमध्ये कोपऱ्यात पाणी साचलं, माझं पाणी, आणि सहा एकर मका पिवळा पडला. मी गाडीतून जाऊन पाहून आले. शनिवारी ट्रेंट नेहमीसारखा माझ्या अंगणातलं गवत कापायला आला. मी विचारलं, "खालचं कसं काय?"

"आणखी वाईट झालं असतं," म्हणाला.

तोच सूर होता रे, ग्लेनचा, पुढच्या वर्षी बघू म्हणायचा तो. मी जाऊन त्याच्या यंत्रासमोर उभी राहिले. त्याला बंद करावं लागलं.

"ट्रेंट, तुझा मका मी बुडवला. बोल."

"ठीक आहे गं आत्या."

"ठीक नाही. बोल माझ्याशी."

"काय बोलू? आत जा, ऊन लागेल तुला."

"नाही जात."

आणि मग तो ओरडला. तुझा मुलगा, जो पाचवीत असताना बसमध्ये कुणी डबा पळवला तरी 'असू दे' म्हणायचा, तो माझ्या अंगणात कानांपर्यंत लाल होऊन ओरडला. "चार महिने थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? अडतीस वर्षं काढलीस ना? चार महिने जड झाले? तुला बाबांचं उट्टं काढायचं होतं आणि पीक कुणाचं गेलं? माझं! मीच ड्रोन उडवला, मीच तुला आणून दाखवलं, आणि मलाच बुडवलंस!"

शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी म्हटलं, "हो. बरंचसं खरं आहे."

"बरंचसं?"

"बरं, सगळं. कोपऱ्यातल्या सहा एकरांचा मका मी भरून देईन. आणि मधे तू आहेस हे विसरून तुझ्या बापाशी भांडले, ते माझं चुकलं."

त्याने यंत्र सुरू केलं आणि उरलेलं गवत वाकडंतिकडं कापलं. मग हात धुऊन आत आला, भट्टीत भाजलेल्या आंबटगोड ऱ्हुबार्ब-पायचे दोन मोठे तुकडे खाल्ले. तिसरा वाढत होते तेव्हा ताटलीकडे बघत म्हणाला, "मी शाळेत असल्यापासून बाबांबरोबर त्या कुंपणावरून रोज जातोय, आत्या. रोज. आणि खाली काय आहे ते मला बॅटरीवरच्या खेळण्याने सांगितलं."

नंतर तो रडला. मी हे तुला सांगतेय हे त्याला माहीत आहे. त्याला विचारून लिहितेय. त्याचा फोन तुला आलेला नाही, कारण महिनाभर तो वाट बघतोय की तू आपण होऊन करशील. तू माझ्याशी बोललास, त्याच्याशी नाही. त्याच्या मक्याची काळजी केलीस, पण माझ्यापाशी.

मला आता तुझ्याकडून काही नको, व्हर्लिन. माफीही नको. या वयात ती कुठे ठेवू मी? शेत सुकलं, बाबा परत मिळाले, ग्लेनशी माझं मी बघून घेईन. तू इकडे आलास तर मी दार उघडीन की नाही, हे मला आज सांगता येत नाही. बहुतेक नाही.

पण पोराला फोन कर. हवामानाने सुरुवात करू नकोस. तो पाचला उठतो.

आर्डिस